शाळूची शाळा

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, आईचा खांदा आखडला आणि घरातली भाकरी माझ्या गळ्यात पडली. कोल्हापुरात तांबडा रस्सा करणारे पुरुष पेठेपेठेत सापडतील. भाकरीचं नाव काढा, सगळ्यांना एकदम तालमीत काम निघतं.

शाळूच्या पिठात कणीक धरून ठेवणारं ग्लूटेन नसतं, उकळत्या पाण्यात मळलं तरच ते एकमेकाला धरतं, एवढा अभ्यास मी करून आलो होतो. हात मात्र कोरा. थापायला घेतली की एकीकडे कड चिरायची, ती सांधेपर्यंत मधे भोक.

आई खुर्चीतनं बघत होती. "भाकरी थापालास काय कुस्ती खेळालास?"

शिकाऊ उमेदवार खरं तर मी नव्हतोच, माझा लहान मेंदू होता. डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली बसलेला हा गडी वजनानं अख्ख्या मेंदूच्या जेमतेम दहावा हिस्सा. पण ८६ अब्ज चेतापेशींतल्या सुमारे ६९ अब्ज त्याच्याकडेच. हात हलवला की काय होणार, याचा तो आधीच अंदाज बांधतो, झालेलं त्याच्याशी ताडून बघतो आणि चुकलं की पुढचा दाब बदलतो. म्हणजे फाटलेली भाकरी हे त्याचं क्रमिक पुस्तक. वाचून झालेली पुस्तकं मी खाली म्हशीला घालत होतो.

आई चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधते, पण भाकरी विसरत नाही. आठवणीचं आणि हाताच्या सवयीचं, ही कोठारंच वेगळी. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनच्या मेंदूवर फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली शस्त्रक्रिया झाली आणि नवं काही त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. हे आपण काल केलंय, याचा त्याला पत्ता नसे. हात मात्र दिवसागणिक सफाईनं चालू लागला.

मग मी आईलाच गाठलं. एक करून दाखव. तिचा तळवा पडायचा आणि पडता पडताच पीठ किंचित पुढं सारायचा. भाकरी आपली आपण फिरत होती. मी विचारलं, "जोर बोटांचा की तळव्याचा? डावा हात नेमका कधी लावतेस?" ती थांबली. हाताकडं बघितलं. पुन्हा थापायला लागली आणि तिची भाकरी मधोमध फाटली.

अंगवळणी पडलेल्या कामात लक्ष घातलं की असंच बिघडतं, हे मी शास्त्रीय भाषेत समजावू लागलो.

"ऊठ हितनं," आई म्हणाली. "हाताला कळतंय, त्यात तुझं तोंड कशाला?"

शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते, हेही मी वाचलं होतं. म्हणून दुपारी रीतसर आडवा झालो.

"झोपून भाकरी फुगली असती," आतनं आवाज आला, "तर तुझ्या बापानं खानावळ काढली असती."