सौना तापतो, पण स्वच्छ होतो का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरच्या सौनाच्या, म्हणजे घाम काढण्यासाठी हीटरने तापवल्या जाणाऱ्या लाकडी खोलीच्या, निगेवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप असा, की जी खोली 80-90 अंश सेल्सिअसपर्यंत तापते तिथे जंतू टिकणारच नाहीत, त्यामुळे दर वेळी फळ्या पुसणे आणि खोली वाळवणे हा निव्वळ बाऊ आहे. फारच वाटले तर आठवड्याला ब्लीचचा हात फिरवावा, किंवा लाकडाला एकदाच पॉलिश मारून मोकळे व्हावे. पुण्यात मे महिन्यात गच्चीवर उभे राहिले की सौनाचे सुख फुकट मिळते, हा आपला टोला मला मान्य आहे. ज्यांनी तरीही तो घरात बसवून घेतला आहे, त्यांच्यापुरते बोलू.

हे 80-90 अंश मोजले जातात ते छताजवळ किंवा वरच्या बैठकीच्या उंचीला. गरम हवा वर चढते, त्यामुळे त्याच वेळी जमिनीलगतचे तापमान बऱ्याचदा निम्म्याहूनही कमी असते. घाम आणि वाफेसाठी हीटरमधल्या तापलेल्या दगडांवर ओतताना निसटलेले पाणी मात्र ओघळून खालीच येते आणि बैठकीच्या फळ्यांच्या पोटाला, सांध्यांत आणि जमिनीवरच्या लाकडी जाळीखाली साठते. म्हणजे जिथे ओल असते, नेमकी तिथेच उष्णता तोकडी पडते. शिवाय जंतू मेले असे धरले, तरी घामातले क्षार आणि त्वचेचे तेल कुठेही जात नाही. ते लाकडात मुरते आणि त्याचेच पुढे काळपट डाग होतात. बसण्याआधी खाली जाडसर सुती पंचा अंथरला, तर यातला बराचसा त्रास मुळातच टळतो.

खरा प्रश्न हीटर बंद केल्यानंतर सुरू होतो. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण साधारण 20 टक्क्यांच्या वर रेंगाळले, की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला अनुकूल स्थिती मिळते. वापरानंतर दार उघडे ठेवावे, ही सूचना माहितीपत्रकांत सर्रास आढळते. फिनलंडच्या हिवाळ्यात ती पुरेशी आहे, कारण बाहेरची गारठलेली हवा उबदार खोलीत आली की ती अतिशय कोरडी ठरते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेचीच सापेक्ष आर्द्रता बहुधा 80 टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे नुसते दार उघडून आपण ओल बाहेर घालवत नाही, तिला आत बोलावतो. म्हणून पावसाळ्यात शेवटचा माणूस बाहेर आल्यावर फळ्या पुसून घ्याव्यात, हवा जाण्याचा झरोका उघडा ठेवून हीटर आणखी वीस-तीस मिनिटे चालू द्यावा आणि मगच तो बंद करून दार उघडावे. अनेक फ्लॅटमध्ये हा झरोका शेजारच्या बाथरूममध्ये काढलेला असतो, ही मांडणीच चुकीची आहे. आंघोळीची वाफ त्याच वाटेने आत येते.

ब्लीचला माझा विरोध केवळ वासापुरता नाही. त्यातील सोडियम हायपोक्लोराइट लाकडाचे तंतू झिजवते, पृष्ठभाग केसाळ होतो आणि तो अधिकच ओल धरू लागतो. घामातील नत्रयुक्त घटकांशी त्याचा संयोग झाला की डोळे आणि घसा चुरचुरवणारी क्लोरामाइन तयार होतात, आणि आम्लयुक्त टॉयलेट क्लीनरशी गाठ पडली तर थेट क्लोरीन वायू. लहानशा बंद खोलीत हे प्रयोग करू नयेत. कोमट पाण्यात थोडासा सौम्य द्रव साबण, मऊ ब्रश आणि पिळलेले फडके एवढे पुरते. हट्टी डाग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासावेत.

पॉलिशबद्दल थोडक्यात सांगायचे, तर मेलामाइन असो वा वॉर्निश, बसण्याच्या फळ्यांवर ते नकोच. तापल्यावर ते वास सोडते, अंगाला चटका देते आणि खालची ओल कोंडून ठेवते.

हीटरमधल्या महागड्या दगडांऐवजी इथलाच काळा पाषाण घालावा, असेही आपण सुचवले आहे. हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. घट्ट, एकजीव बेसॉल्ट उष्णता उत्तम पेलतो, परंतु पुण्याच्या आसपासच्या खडकात ठिकठिकाणी पोकळ्या असतात आणि त्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखी खनिजे भरलेली असतात. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. या स्फटिकांच्या रचनेतच पाणी असते. उष्णतेने ते निघून जाते, खनिज भुसभुशीत होते आणि दगड तडकू शकतो. तेव्हा सौनासाठी निवडलेलेच दगड घ्यावेत, वर्षातून एकदा सगळे बाहेर काढून घासावेत, भुगा झालेले टाकून बाकीचे हवा खेळेल असे सैलसर रचावेत. त्यांवर बोअरवेलचे पाणी ओतू नये, कारण त्यातल्या क्षारांचा पांढरा थर दगडांवर आणि हीटरच्या कॉइलवर बसतो.

पावसाळाभर सौना बंदच ठेवला तर, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे, की कुणी बसणार नसले तरी आठवड्यातून एकदा तो रिकामाच तापवावा, मात्र त्या वेळी हीटरवर काही वाळत घातलेले नसावे आणि घरात कुणीतरी असावे. दीर्घकाळ बंद राहिलेल्या कॉइलमधील मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी हवेतली ओल शोषते, आणि पुढे पहिल्यांदा बटण दाबताच आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, पडते. अशा वेळी ती वगळून थेट जोडणी करून देणारा वायरमन सहज मिळतो. त्याला नकार द्यावा आणि जाणकार इलेक्ट्रिशियनकडून कॉइलचे इन्सुलेशन मेगरने, म्हणजे ते मोजणाऱ्या उपकरणाने, तपासून घ्यावे.