मनगटावरचं घड्याळ राहणार का जाणार? आमच्या कट्ट्यावरचं शनिवारचं भांडण

साताऱ्यात राजवाड्याजवळ आमचा कट्टा आहे, तिथे शनिवारी जे सुरू झालं ते चहावाल्याने भांडी आवरायला घेतली तरी संपेना, म्हणून लिहून काढतोय. निमित्त माझंच. वडिलांचं एचएमटी जनता हे चावीचं घड्याळ आठ दिवस बंद आहे, चावी बसते पण काटे हलत नाहीत, आणि ज्या घड्याळवाल्या काकांकडे आम्ही वर्षानुवर्षं जायचो तिथे आता मोबाईलची कव्हरं टांगलीयेत. त्यांचा मुलगा चांगला आहे, म्हणाला बाबांनी हत्यारं सगळी जपून ठेवलीयेत पण आता हात थरथरतो. मग तसंच रुमालात गुंडाळून कट्ट्यावर आलो.

आमचा इंजिनियर, सगळ्यात लहान, पुण्याहून सुट्टीला आलेला, लगेच म्हणाला, "काका, आठवण म्हणून कपाटात ठेवा ना. फोनला वेळ मिळते ती अणुघड्याळांवर चालणाऱ्या यंत्रणेतून. 2023 ला सोडलेल्या एनव्हीएस-01 या दिशादर्शक उपग्रहात तर आपलं इथे बनवलेलं रुबिडियमचं अणुघड्याळ आहे. चावीचं घड्याळ दिवसाला काही सेकंद इकडेतिकडे होणारच, कशाला त्याच्यामागे लागायचं?"

अचूकपणात तो बरोबरच आहे, मी कबूल केलं. पण मास्तर म्हणाले अचूकपणासाठी घड्याळ मनगटावर आलंच नव्हतं मुळी. आधी मनगटावरचं घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, पुरुषांचं खिशात, साखळीला. 1904 ला पॅरिसच्या कार्टिए या जवाहिऱ्याने सँतोस-ड्युमाँ या वैमानिकासाठी मनगटी घड्याळ बनवलं, कारण विमान चालवताना खिशात हात घालणार कधी? आणि मग पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना हेच पाहिजे झालं, ठरल्या मिनिटाला हल्ला करायचा आणि हातात बंदूक, तेव्हापासून पुरुषांनीही पट्टा बांधला तो बांधलाच. "म्हणजे हात मोकळा राहावा म्हणून आलं ते," मास्तर म्हणाले, "आणि तू परत खिशात घालायला सांगतोयस."

मग विषय क्वार्ट्झवर, म्हणजे स्फटिकाच्या बॅटरीवाल्या घड्याळांवर गेला आणि इथे मी जरा जास्तच बोललो कारण मला हे फार आवडतं. 1969 च्या नाताळात जपानमध्ये सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन काढलं, जगातलं विकायला आलेलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, किंमत साडेचार लाख येन, तेव्हा तेवढ्यात एक छोटी गाडी यायची. पुढे क्वार्ट्झच्या घड्याळांत 32768 हा आकडा ठरून गेला, म्हणजे आतला स्फटिक सेकंदाला तेवढ्या वेळा थरथरतो आणि सर्किट त्याचं अर्धं, परत अर्धं, असं 15 वेळा करतं की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. किती साधं आणि किती सुंदर आहे हे! पण त्या सुंदर गोष्टीने स्वित्झर्लंडमधल्या घड्याळ धंद्यातल्या 90 हजारांच्या आसपास नोकऱ्या पंधराएक वर्षांत तिसऱ्या हिश्श्यावर आणल्या.

"आपल्याकडे तेच झालं," इंजिनियर म्हणाला, "एचएमटी चावीत अडकली आणि टायटनने क्वार्ट्झवर बाजार मारला." हे अर्धंच खरं आहे. एचएमटीने 1961 ला जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला सुरुवात केली, नंतर क्वार्ट्झही काढलं. पण 1984 ला टायटन कंपनी झाली, होसूरला कारखाना निघाला आणि त्यांनी घड्याळ दिसायला कसं पाहिजे, दुकान कसं पाहिजे इथपासून विचार केला. एचएमटीचं घड्याळ लोक लग्नात आणि रिटायर होताना द्यायचे, टायटनने ते कधीही घ्यायची वस्तू केली. जानेवारी 2016 ला सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा ठरवला तेव्हा मला खरंच वाईट वाटलेलं, आजही वाटतं.

मेडिकलवाला तोवर गप्प होता. त्याच्या हातात स्मार्टवॉच. तो म्हणाला, "तुम्ही वेळेवरच भांडताय. माझं घड्याळ वेळ दाखवतं हा त्याचा जोडधंदा आहे. खालून हिरवा प्रकाश पडतो, रक्त तो शोषतं, त्यावरनं नाडी कळते. 2018 पासून काही घड्याळांत ईसीजी निघतो. हार्ट अ‍ॅटॅक ओळखत नाही ते, हे मी गिऱ्हाईकाला बजावून सांगतो, पण ठोके अनियमित पडत असले तर डॉक्टरकडे जा म्हणून सांगतं. पुढचं घड्याळ हेच."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. आई एकटी असते, तिच्या हातात असं काही असावं असं मलाही वाटतं. माझं भांडण दुसऱ्या गोष्टीशी आहे. माझं स्मार्टवॉच अडीच वर्षात चार्ज धरेना झालं, सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला बॅटरी बदलत नाही, नवीन घ्या. स्क्रीन चांगली, पट्टा चांगला, सगळं चांगलं आणि ते कचऱ्यात! युरोपात फेब्रुवारी 2027 पासून बॅटरी बदलता आली पाहिजे असा नियम केलाय, त्यातही सवलती आहेत, पण निदान कोणीतरी विचारलं तरी. जनताच्या आत एक स्प्रिंग, दातेरी चाकं, 17 खडे आणि सेकंदाला 5 ठोके देणारं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक. तेल सुकलं की बंद पडतं, खोलून धुवून थेंबभर तेल दिलं की बहुतेक वेळा परत चालतं. ते करणारा माणूस मात्र पाहिजे. मला भविष्यात नाडी सांगणारं घड्याळ चालेल, पण खोलता येणारं पाहिजे आणि ते खोलणारा माणूस माझ्या गावात पाहिजे.

इंजिनियर बराच वेळ रुमालातलं घड्याळ कानाशी धरून बसला होता. मग म्हणाला, "त्या काकांचा हात थरथरतो, डोळे चांगले आहेत ना? ते शेजारी बसून सांगतील, मी खोलतो. लॅपटॉप खोलतोच की."

मी म्हटलं वडिलांचं नाही, आधी दुसऱ्या कुठल्या तरी घड्याळावर हात बसू दे. मास्तरांनी घरी एक बंद पडलेलं आहे म्हणून सांगितलं. मेडिकलवाल्याने तिथनंच काकांच्या मुलाला फोन लावला. रविवारी सकाळी दहाला बोलावलंय, हत्यारं काढून ठेवतो म्हणाला.