बाईचं काय जातं?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर आला: सोसायटीच्या, माहेरच्या आणि शाळेच्या बॅचच्या. मजकूर थोडक्यात असा. ऑफिसातल्या छळाची तक्रार केली की बाईला हवी तिथे बदली मिळते, वर तीन महिने रजा. खरं असतं तर ती त्याच दिवशी बोलली असती. सिद्ध झालं नाही म्हणजे खोटंच होतं. आणि शेवटी, बाईचं काय जातं, करिअर बुडतं ते पुरुषाचं.

मी सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आठ वर्षं हिशेब पाहिले. बाईचं काय जातं ते शेजारच्या टेबलावर पाहिलंय, म्हणून लिहिते.

आधी बदली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तशी तरतूद आहे खरी. पण ती बाईनं लेखी मागायची, तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीनं शिफारस करायची, आणि बदली तिचीच व्हावी असं त्यात कुठेही नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचीही करता येते. चौकशी चालू असताना त्यानं तिच्या कामाचा अहवाल लिहू नये, असंही बजावता येतं. आमच्याकडे काय झालं? माझी मैत्रीण निर्यातीची बिलं करायची, परदेशी गिऱ्हाइकांशी तीच बोलायची. तक्रारीनंतर आठ दिवसांत तिला 'तुमच्याच सोयीसाठी' म्हणून गोडाऊनमध्ये गठ्ठे मोजायला बसवलं. ज्याच्याविरुद्ध तिची तक्रार होती, तो केबिनमध्येच राहिला. पगार तोच, त्यामुळे कागदावर तिचं काहीच गेलं नव्हतं.

दुपारी आम्ही सहाजणी टेबलं जोडून डबा खायचो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, एकीची भाजी दुसरीच्या डब्यात. ती गोडाऊनमधून वर येईपर्यंत आमचं जेवण उरकलेलं असायचं, टेबलं पुन्हा आपापल्या जागी. तिला टाळा असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या पाचजणींत मीही होते.

वर्षभरानं तिनं दुसरीकडे अर्ज केले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मालक मालकाला ओळखतो. मुलाखत छान व्हायची, मग नुसतं 'कळवतो'. एका ठिकाणी सरळच विचारलं, "आधीच्या ठिकाणी काहीतरी झालं होतं म्हणे?" चौकशी गुप्त ठेवा असं कायदा सांगतो, पण मालकांच्या आपसातल्या फोनची नोंद कोण ठेवतं? निर्यातीचं सगळं काम तोंडपाठ असलेली ही बाई आज घरी शिकवण्या घेते.

आता 'त्याच दिवशी का नाही बोलली' याचं उत्तर वेगळं द्यायला हवं का? कायदा तीन महिन्यांची मुदत देतो, कारण पटलं तर आणखी तीन. पत्रकार प्रिया रमाणी यांनी २०१८ मध्ये छळाच्या जुन्या घटनेबद्दल लिहिलं, तर बदनामीच्या खटल्यात आरोपी म्हणून त्याच उभ्या राहिल्या. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं आणि अनेक दशकांनंतरही बाईला तक्रार मांडता येते, असं निकालात म्हटलं.

सिद्ध न होणं म्हणजे खोटं असणं नव्हे. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार करणारीवर कारवाई करायची गरज नाही, हे तर कायद्याच्या कलम १४ मध्येच लिहिलंय.

राहिलं पुरुषाचं करिअर. रूपन देओल बजाज आयएएस अधिकारी होत्या. त्यांनी १९८८ मध्ये पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांच्याविरुद्ध तक्रार केली. १९८९ मध्ये गिल यांना पद्मश्री मिळाली, पुढे ते पुन्हा महासंचालक झाले. ते दोषी असल्याचा निर्णय सुप्रीम कोर्टानं कायम केला तो २००५ मध्ये. उलट गायिका चिन्मयी श्रीपाद २०१८ मध्ये छळाबद्दल बोलल्या आणि त्याच वर्षी डबिंग कलाकारांच्या संघटनेतून त्यांचं नाव कमी झालं. कारण दाखवलं, वर्गणी थकली. बाईचं काहीच जात नसतं, तर भरपाई ठरवताना 'करिअरची हुकलेली संधी' धरावी असं कायद्याला का लिहावं लागलं असतं?

आणि करिअर हा शब्दच ज्यांच्या वाट्याला आला नाही त्या? सोलापूरच्या पूर्व भागातली बाई घरी बिड्या वळून बिडी कारखान्याच्या ब्रँचला नेऊन देते. तिथला तपासणारा तिच्यासमोर छाट, म्हणजे नापास बिड्या, काढून बाजूला टाकतो. किती काढायची ते त्याच्या हातात. त्याच्याविरुद्ध बोललं की दुसऱ्या दिवशी छाट वाढते. नोटीस नाही, बदली नाही, नुसती मजुरी कमी. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी काम करणाऱ्या बायकांसाठी, आणि खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असली तरी, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आमच्या गल्लीतल्या अक्कांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपातली पानं सारखी केली आणि विचारलं, "तिथं जायचं म्हणजे त्या दिवशीच्या बिड्या कोण वळणार, ताई?"