सॅडल घासून मान सरळ होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गिटारची मान बसवण्यावरच्या लेखाखाली तुम्ही पुण्याहून सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : डव्हटेलचा (पाचरीसारखा एकात एक अडकणारा) सांधा जुळवायला मी घालवलेले बारा दिवस वाया गेले, दोन बोल्टांनी ते काम तासाभरात झालं असतं. तारा उंच राहिल्याच तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) पिळायचा, नाहीतर सॅडल (खोक्यावरच्या ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) घासायचं. आणि असे लेख वाचून नवशिके घाबरतात.

बोल्टबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘बोल्ट म्हणजे पळवाट’ हे माझं वाक्य चुकीचं होतं, ते मी काढून टाकलं आहे. टेलर कंपनी १९९९ पासून आपल्या गिटारींना बोल्टवरची नवी मान बसवते आहे आणि त्या गिटारी उत्तम वाजतात. पुढे कधी मान काढायची वेळ आली तर डव्हटेल वाफ देऊन सोडवावा लागतो, बोल्ट नुसता फिरवला की झालं.

पण बोल्ट मान धरून ठेवतो. मान कुठे बघते आहे, ते तो ठरवत नाही. ते ठरतं हील (मानेचा बुडाकडचा जाड भाग) खोक्याला जिथे टेकते त्या कडांवर, आणि त्या कडा दोन्ही पद्धतींत हातानेच जुळवाव्या लागतात. माझ्या गिटारची स्केल (मानेच्या टोकाच्या नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी) ६४५ मिलिमीटर आहे आणि मान चौदाव्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) खोक्याला मिळते. तिथून सॅडल साधारण २८७ मिलिमीटरवर. हीलची उंची ९५. म्हणजे हीलच्या तळाशी १ मिलिमीटर लाकूड काढलं की फ्रेटवर ठेवलेल्या पट्टीचं टोक ब्रिजपाशी ३ मिलिमीटर वर जातं. आडव्या दिशेला तर आणखी नाजूक : हीलची एक बाजू ०.३ मिलिमीटर जास्त घासली गेली तर मधली रेष ब्रिजवर दीड मिलिमीटर सरकते आणि कडेची तार फिंगरबोर्डच्या काठावर येते.

ते बारा दिवस बहुतेक यातच गेले. खाचेच्या आतून फळ्यावरचा निळा खडू फासायचा, मान आत सरकवायची, बाहेर काढायची. मानेच्या, म्हणजे शिवणीच्या झाडाच्या लाकडावर जिथे निळा डाग उमटला तिथेच पटाशीने कांद्याच्या पापुद्र्याएवढं लाकूड काढायचं. मग नटच्या मध्यापासून बुडाच्या जोडापर्यंत काळा दोरा ताणून बघायचं. शेवटी हील आणि खोक्याच्या फटीत काचपेपरची बोटभर पट्टी धरायची, खरखरीत बाजू हीलकडे, आणि सरळ ओढायची. दोन वेळा ओढून पुन्हा मोजायचं. तीन वेळा ओढायचा मोह मला दरवेळी होतो.

आता ट्रस रॉड. तो मानेचा मधला बाक कमी-जास्त करतो, सांध्याचा कोन त्याच्या हातात नाही. सॅडल घासून तारा खाली येतात हे खरं, पण बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर उतरवायला सॅडल २ मिलिमीटर घासावं लागतं. सॅडल मुळात ब्रिजच्या वर तीन-साडेतीन मिलिमीटरच असतं. दोन गेले की तार त्यावर नीट दाब देत नाही आणि आवाज बसतो.

तुमच्या प्रतिक्रियेत हवेचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्यावर. चतुर्थीत घुमटाचं (आरतीला वाजवतात त्या मातीच्या वाद्याचं) चामडं ढिलं पडतं, आरतीआधी ते शेकून घेतात, हे आमच्या फोंड्यात लहान पोरांनाही ठाऊक असतं. लाकडाचंही तसंच. जुलैत माझ्या खोलीतला हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) ९० टक्के दाखवतो. वरच्या फळीचं लाकूड आडव्या अंगाने फुगतं, आतल्या पट्ट्या त्याला पसरू देत नाहीत, मग फळी वर उचलते आणि ब्रिजही तिच्याबरोबर वर येतो. चार वर्षांपूर्वी मी खिडक्या उघड्या टाकून, जुलैतच, भाच्यासाठी गिटार केली आणि मानेचा कोन त्या फुगलेल्या फळीवरून ठरवला. मोजमाप अगदी नेमकं होतं. तो पुण्याला शिकतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत फळी खाली बसली, ब्रिज उतरला आणि प्रत्येक तार फ्रेटवर झणझणायला लागली. त्याने फोनवर एक सूर वाजवून दाखवला तेव्हा मला पोटात कसंतरी झालं. पोराने गिटार पेटीत ठेवून दिली होती, त्याला वाटलं आपलंच बोट चुकतंय.

तेव्हापासून मान बसवण्याआधी खोकं दोन आठवडे बंद खोलीत डीह्युमिडिफायरवर (हवेतली ओल शोषणाऱ्या यंत्रावर), ५० टक्क्यांच्या आसपास ठेवतो. बारा दिवसांतले निदान चार मी सकाळी हायग्रोमीटर बघून काम पुढे ढकललं, त्याचे आहेत. ते लेखात लिहायचं राहिलं, ही माझी चूक.

नवशिक्यांबद्दल म्हणाल, तर पहिल्या गिटारला बोल्टच लावा असं मीही सांगेन. पण कोन मोजायला शिका, नाहीतर त्या भाच्यासारखं कुणीतरी स्वतःलाच दोष देत बसेल.

तुमच्या गिटारच्या तारा उंच आहेत असं तुम्ही लिहिलंय. तारा सुरात असताना एक सरळ स्टीलची पट्टी मधल्या दोन तारांच्या मधून फ्रेटवर ठेवा आणि ब्रिजकडे सरकवा. पट्टी ब्रिजच्या माथ्यावरून निसटती जाते की त्याच्या पोटावर आदळते, ते बघा. फोटो पाठवायचा तर बाजूने काढा, समोरून काढलात तर फट दिसणार नाही.