माजावरची डुकरीण हट्ट करत नसते

वराहपालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: डुक्कर मुळातच हट्टी, माराशिवाय हलत नाही. फळवायला (नराशी जुळवायला) नेताना मादी नराच्या गाळ्याकडे जात नसेल तर कान धरून ओढा, शेपूट पिळा, काठी घाला. आदल्या दिवशी उपाशी ठेवा. तरी येत नसेल तर नरालाच तिच्या गाळ्यात सोडा. आणि एवढं करूनही जी येत नाही ती माजावर (नर घेण्याच्या तयारीत) नाहीच, विकून मोकळे व्हा.

कर्ज काढून यॉर्कशायर जातीची डुकरं घेतलेली नवी पोरं हे वाचतात आणि तसंच करतात, म्हणून हे लिहितोय.

सर्वात जास्त नुकसान करणारं वाक्य शेवटचं आहे, तेच आधी घेतो. ‘येत नाही म्हणजे माजावर नाही.’ कित्येकदा नेमकं उलटं असतं. पक्क्या माजावरची मादी नराचा वास आला की जागच्या जागी खिळते. कान ताठ होतात, चारही पाय रोवले जातात, पाठीवर दाब दिला तरी ती हलत नाही. माज ओळखायची खात्रीची खूण हीच. नराच्या लाळेतल्या अँड्रोस्टेनोन या द्रव्याच्या वासाने तिच्यात हा बदल होतो. अशी मादी नराच्या गाळ्यापासून चार पावलांवर थांबते आणि दोन माणसं तिच्या पाठीवर, पुठ्ठ्यावर जोर लावून ढकलायला लागतात. पाठीवरचा तो दाब तिला नराचा वाटतो आणि ती आणखी घट्ट उभी राहते. तिला ढकलू नका. ती फाटकाच्या आत येईपर्यंत नराला लांबच्या कोपऱ्यात अडवून ठेवा, तोंडाला तोंड लागू देऊ नका. या ताठपणाने ती दहा-पंधरा मिनिटांत थकते आणि मग काही वेळ नराला उभी राहत नाही. तेवढ्यावरून ‘माज गेला’ म्हणून परत नेली की पुढच्या माजासाठी २१ दिवस थांबा, आणि तेवढे दिवस खाद्य फुकट घाला.

आता ‘हट्टी’. डुकराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण समोरच्या वस्तूची खोली नीट कळत नाही. गाळ्यांमधल्या वाटेवर गटाराची लोखंडी जाळी आहे आणि तिच्यावर पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप पडली आहे, असं समजा. आपल्याला ती जाळी दिसते, मादीला खड्डा दिसतो. ती नाकाड खाली करते, हुंगते, पुढचे पाय रोवते. त्याच क्षणी मागून काठी बसली की ती गर्रकन वळते आणि माणसाच्या पायांतून घुसून मागे पळते. तिथे जाळीवर गोणपाट अंथरून वर थोडा भुसा टाका आणि तिला हुंगायला मिनिटभर द्या. बहुतेक माद्या आपणहून पलीकडे जातात. फाटकावर फडफडणारं रिकामं पोतं, लोंबणारी साखळी, पाण्याचं चकाकणारं डबकं, तोंडावर येणारा वारा यांनीही त्या अडतात. टेम्पल ग्रँडिन यांनी अमेरिकेत जनावरांच्या हाताळणीवर आयुष्यभर काम करताना हेच दाखवून दिलं आहे. काठी उचलण्याआधी मादीच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून ती वाट एकदा बघाच.

काठीऐवजी हातात फळी हवी. अडीच-तीन फूट रुंद प्लायवूड, वर धरायला खाच. डुक्कर फट दिसेल तिथे डोकं घालतं, फळीने फट बंद होते. तिच्या खांद्याच्या मागे, बाजूला राहून चालायचं. खांद्याच्या पुढे गेलात तर ती मागे सरकणार. दोर गळ्यात घालून उपयोग नाही, मान डोक्याइतकीच जाड असल्याने तो निसटतो. आणि वरच्या जबड्यात फास टाकलात तर डुक्कर पुढे न येता मागेच ओढतं.

मार दिल्याने निदान काम तरी होतं, असं म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पॉल हेम्सवर्थ यांच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांकडे बघावं. ज्या माद्यांना माणसांकडून रोज त्रासदायक वागणूक मिळाली, त्यांच्यात गाभ राहण्याचं प्रमाण कमी निघालं. त्या वागणुकीतले नरही मादीवर नीट चढायला उशिरा शिकले. माणसाची भीती बसलेलं जनावर सतत ताणाखाली राहतं. मादी पुन्हा पुन्हा उलटत असेल, म्हणजे गाभ न राहता परत माजावर येत असेल, तर आधी आपलीच वागणूक तपासा.

उपाशी ठेवण्याच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. पोट तुडुंब भरलेला नर आळसावतो, म्हणून खाद्य घालण्याआधी फळवणं चांगलं. पण मादीला दिवसभर उपाशी ठेवणं चूकच. पाठींना, म्हणजे पहिल्यांदाच फळणाऱ्या तरुण माद्यांना, तर फळवण्याआधी दहा-बारा दिवस खाद्य वाढवून देतात, जास्त बीजं सुटावीत म्हणून.

‘नरालाच तिच्या गाळ्यात सोडा’ हेही करू नका. नव्या जागेत नर कोपरे हुंगण्यात, आपला वास लावण्यात वेळ घालवतो, मादीकडे लक्षच देत नाही. गाळ्यात आणखी माद्या असल्या तर गोंधळ वेगळाच. मादीला नराच्या गाळ्यात न्यायचं, सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हात नाही, कारण डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही. जमीन ओली असेल तर भुसा टाका, घसरून पाय गेलेला नर पुन्हा चढायला धजत नाही. आणि नर व मादी यांच्या मधे स्वतः कधी उभे राहू नका, सुळे खोल जखम करतात.

गाभ पक्का राहावा म्हणून साधारण बारा ते चोवीस तासांनी तिला पुन्हा नराकडे फळवायला न्यायचं असतं. म्हणजे त्याच वाटेने, त्याच जाळीवरून, त्याच माणसासोबत तिला परत चालायचं आहे. पहिल्या खेपेला काठी खाल्लेली मादी दुसऱ्या खेपेला गाळ्याबाहेर पाऊलच टाकत नाही.