पाणी सुटलं का हो?

कोलाडची कुंडलिका नदी विजेच्या मागणीवर वाहते. तशी ती एरवीही असतेच, पण तेव्हा तिच्यात दगड जास्त आणि पाणी कमी. राफ्ट तरंगेल एवढी नदी व्हायला तिला वरून हुकूम यावा लागतो. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथली चाकं फिरवतं, वीज तारांवरून निघून जाते आणि ड्यूटी संपलेलं पाणी कुंडलिकेत सोडून देतात. त्या पाण्यावर रबरी बोटीत बसून, पैसे भरून, किंचाळत दहा-बारा किलोमीटर खाली जायचं, याला राफ्टिंग म्हणतात. धरणाच्या कृपेने हे भर डिसेंबरातही करता येतं. म्हणजे ‘सध्या पाऊस नाही’ ही सबबसुद्धा चालत नाही.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीची सहल आजवर हुरडा पार्टीच्या पलीकडे गेली नव्हती. यंदा सेक्रेटरी नवीन आहे, तरुण आहे, आणि मॅरेथॉनचे टी-शर्ट घालून मेंटेनन्स मागायला येतो. त्याने ग्रुपवर टाकलं, ‘वय १४ ते ६०. पोहता येण्याची अट नाही. ग्रेड २ आणि ३. नवशिक्यांसाठी अगदी सुरक्षित.’

खवळत्या पाण्याची प्रतवारी जगभर १ ते ६ अशी असते. १ म्हणजे पाण्यावर जेमतेम सुरकुत्या, आणि ६ म्हणजे जिथे मुरलेले लोकही बोट खांद्यावर घेऊन काठाने चालत जातात. हे सेक्रेटरीने समजावून सांगितल्यावर बी विंगमधले काका म्हणाले, “सहापैकी तीन म्हणजे पन्नास टक्के. फर्स्ट क्लाससुद्धा नाही. येतो मी.” साठ वर्षांच्या अटीबद्दल कोणी काही विचारलं नाही. काकांना निवृत्त होऊन बराच काळ लोटलाय, पण त्यांच्याशी वाद घालायला लागणारा वेळ कोणाकडेच नव्हता.

मी जाणार नव्हतो. मला पोहता येत नाही आणि ते न येण्यात मी पूर्ण सुखी आहे. पण बायकोने दोघांची नावं दिली होती आणि पैसे नॉन-रिफंडेबल होते. मराठी माणसाच्या हातून घडलेल्या बहुतेक साहसांमागे हे दुसरं कारण सापडेल.

पहाटे साडेपाचला बस निघाली. पौड गेलं, उजाडता उजाडता मुळशीचा जलाशय दिसायला लागला, आणि काका उठून ड्रायव्हरच्या शेजारी, लोकांकडे तोंड करून उभे राहिले. काका अशा प्रसंगासाठी घरून तयारी करून येतात. त्यांनी या धरणाविरुद्धचा १९२१चा मुळशी सत्याग्रह सांगितला, त्याचे पुढारी सेनापती बापट सांगितले, जमिनी पाण्याखाली गेलेले मावळातले शेतकरी सांगितले, १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं तेही सांगितलं. इथवर बस अर्धवट झोपेत होती. मग ते म्हणाले, “हे धरण मुळेवर आहे. मुळा म्हणजे कुठली? आपल्या औंधातली! हे पाणी खरं तर आपल्या दारावरून संगमावर, तिथून भीमेला, कृष्णेला, असं बंगालच्या उपसागरात जायचं. ते घाटाखाली पाडून अरबी समुद्राला देतात.”

बस खडबडून जागी झाली. आमच्या दारावरून जी मुळा जाते तिच्यावर उन्हाळ्यात जलपर्णीचा असा गालिचा असतो की पाणी दिसत नाही. मार्चपासून सोसायटीत टँकर येतात. आणि इकडे आपलं चांगलं पाणी लोक खेळायला वापरतात! काकूंनी टँकरचा गेल्या वर्षीचा हिशोब तोंडपाठ म्हणून दाखवला. ताम्हिणी उतरून विळ्याला पोहोचेपर्यंत सहलीचा मूड पार गेला होता. आम्ही आता चौकशी समिती म्हणून चाललो होतो.

साजे गावाजवळ नदीकाठी उतरलो तर नदीत खडक, दोन म्हशी आणि खडकांमधून वाट काढणारी एक बारीक धार. गाईड म्हणून एक नेपाळी मुलगा होता, पंचविशीचा असेल. तो म्हणाला, “पानी अभी छूटा नहीं है. संडे है ना.” रविवारी कारखाने, कचेऱ्या बंद, विजेची मागणी कमी, त्यामुळे पाणीही आरामात येतं.

अशा वेळी काय करायचं हे पुण्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. बायका सावलीत बसल्या. पुरुष दर पाच मिनिटांनी काठावर जाऊन बघून यायला लागले. “सुटलं का हो?” “नाही अजून.” “काल किती वाजता आलं होतं?” “प्रेशर असतं का पण?” काकूंना शंका आली की आपल्या आधी वरच्या गावाला देत असतील. सेक्रेटरी घरी जे उत्तर देतो तेच त्याने इथेही दिलं, “फोन केलाय, येतंय.”

तोवर फॉर्म भरून घेतले. फॉर्मवर वरच्या बाजूला एक हसरं कुटुंब बोटीत बसलेलं, आणि खाली बारीक अक्षरात, इजा, अपंगत्व अथवा मृत्यू ओढवल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. साक्षीदार म्हणून बायकोची सही लागत होती. पेन्शनच्या, कर्जाच्या, शाळेच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी ती कागद दोन्ही बाजूंनी वाचते. इथे तिने वाचला नाही.

लाइफ जॅकेट हा प्रकार पोट नसलेल्या माणसाने शोधून काढलेला आहे. वरचे दोन बक्कल लागले, तिसरा आणि त्याचा जोडीदार एकमेकांकडे लांबून बघत राहिले. गाईडने पट्टा सैल केला, गुडघा माझ्या कमरेला लावला, म्हणाला, “अंकल, साँस छोडो,” आणि मी सोडला तो पुढचे तीन तास परत पूर्ण घेता आला नाही. मग त्याने दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर खेचून पाहिलं. ते माझ्या कानांपर्यंत आलं की जॅकेट सैल, आणि जॅकेटबरोबर मीच वर गेलो की बरोबर. मी वर गेलो. हेल्मेट आधीच्या बॅचच्या घामाने आतून ओलं होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पाणी सुटलं तेव्हा आधी म्हशी उठल्या. त्यांना आमच्यापेक्षा अगोदर कळलं. मग एकेक दगड बुडत गेला आणि पाहता पाहता धारेची नदी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “प्रेशर चांगलंय,” काका म्हणाले.

वल्हं कसं धरायचं ते गाईडने दाखवलं. एक हात दांड्यावर, दुसरा वरच्या आडव्या मुठीवर, आणि काही झालं तरी ती मूठ सोडायची नाही. सुटली तर ती शेजाऱ्याच्या दातांवर बसते. माझ्या पुढच्या दोन दातांवर गेल्याच वर्षी कॅप बसवल्या आहेत, आणि त्यांचं बिल ह्या सहलीच्या कितीतरी पट होतं. माझ्या शेजारी कोण बसणार याची मी बारकाईने चौकशी केली. काका बसणार होते.

तोपर्यंत माझी समजूत होती की बोटीत बसायचं म्हणजे बोटीच्या आत बसायचं. राफ्टमध्ये आत बसत नाहीत. काठावर बसतात. त्या फुगवलेल्या, गोल, ओल्या, निसरड्या काठावर अर्धं बूड टेकायचं, उरलेलं अर्धं नदीवर ठेवायचं, आणि पाय मधल्या आडव्या नळकांड्याखाली खुपसायचे. “पैर अंदर फँसा के रखो. पैर बाहर नहीं आना चाहिए,” गाईडने प्रत्येकाला वेगळं बजावलं.

आमच्या राफ्टमध्ये पुढे सेक्रेटरी आणि बायको, मध्ये काका आणि मी, मागे काकू आणि चौथ्या मजल्यावरचा एक भाडेकरू मुलगा, जो कधीच बोलत नाही. सगळ्यांत मागे गाईड. आज्ञा सोप्या होत्या. ‘फॉरवर्ड’ म्हटलं की पुढे वल्हवायचं, ‘बॅक’ म्हटलं की मागे, ‘स्टॉप’ म्हणजे थांबायचं, आणि ‘गेट डाउन’ म्हणजे वल्हं उभं धरून बोटीत खाली बसायचं. पुढचे दोघं ज्या लयीत मारतील त्याच लयीत मागच्यांनी मारायचं. चौदा वर्षांच्या मुलाला जमतं असं तो म्हणाला. चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःची मतं नसतात, एवढं त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“फॉरवर्ड!”

“एक मिनिट,” काका म्हणाले. “समोर खडक आहे. फॉरवर्ड का?”

“अंकल, फॉरवर्ड!”

“अहो, त्याला सांगा कोणीतरी, खडक आहे.”

“दिसतोय त्याला,” काकू मागून म्हणाल्या. “तुम्ही मारा.”

“मी मारतोय. हे मारत नाहीयेत,” काका माझ्याकडे बघून म्हणाले.

तोवर राफ्ट त्या खडकाला टेकून, अर्धं वळून, उलटी खाली निघाली होती. त्यात गाईड म्हणाला, “लेफ्ट बॅक.” आता लेफ्ट म्हणजे आपला की नदीचा, हा मुद्दा सेक्रेटरीने काढला. भाडेकरू मुलगा एकटा मुकाट्याने वल्हवत होता आणि राफ्ट सगळी त्याच्या एकट्याच्या बाजूने फिरत होती. बाकीच्या दोन राफ्ट केव्हाच पुढे गेल्या होत्या. ए विंगवाल्यांच्या राफ्टमधून ‘गणपती बाप्पा मोरया’ ऐकू येत होतं.

खरं म्हणजे ज्या लोकांनी लिफ्टच्या रंगावर तीन सभा घेतल्या त्यांना एका बोटीत घालायला नको होतं. एवढ्या जाहिराती करतात, तर पोहता येतं का याऐवजी ‘ऐकता येतं का’ असं विचारायला हवं.

पहिल्या लाटेत बोलणं बंद झालं. राफ्टचं नाक आधी खाली गेलं, मग समोर एक हिरवट पाण्याची भिंत उभी राहिली आणि ती सरळ आमच्या मांडीवर येऊन बसली. पाणी थंड होतं. धरणातलं, बोगद्यातलं, अंधारातून आलेलं थंड. गाईड ‘हार्ड फॉरवर्ड’ ओरडत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही सहाही जण एकाच वेळी एकाच दिशेने वल्हवत होतो. पुन्हा नाक वर आलं, पुन्हा खाली, आणि संपलं. पंधरा-वीस सेकंद झाले असतील. भीतीच्या वेळी वल्हं पाण्यात असलं की तोल सांभाळला जातो, असं गाईडने नंतर सांगितलं. मला तेवढं शास्त्र माहीत नव्हतं. मला फक्त मूठ सोडायची नव्हती, दातांसाठी.

“पाणी! आत पाणी शिरलंय!” काकू ओरडल्या. घोट्याच्या वर पाणी होतं. काकूंनी हेल्मेट काढून पाणी उपसायला घेतलं. गाईड घाईघाईने म्हणाला, “आंटी, हेल्मेट पहनो! पानी अपने आप जाएगा. नीचे होल है.” राफ्टच्या तळाला कडेने भोकं मुद्दामच ठेवलेली असतात, तळ फुगवलेला आणि पाण्यापेक्षा वर असतो, त्यामुळे आत आलेलं पाणी त्यांतून आपोआप निघून जातं. हे त्याने नीट समजावलं.

“गच्ची गळते तेव्हा आमच्या बिल्डरनेही हेच सांगितलं होतं,” काका म्हणाले. पण पाणी खरंच गेलं. बिल्डरपेक्षा पोरगा प्रामाणिक निघाला.

दोन-तीन उसळ्या अशाच गेल्या आणि मग नदी शांत झाली. दोन्ही बाजूंनी झाडी, पाण्यावर वाकलेल्या फांद्या, एक खंड्या निळा झोत टाकून गेला. मी मनात म्हणत होतो की हे असंच शेवटपर्यंत असेल तर माझी काही तक्रार नाही. तेवढ्यात गाईड म्हणाला, “चलो, अब सब पानी में कूदो.”

म्हणजे ज्या पाण्यात पडू नये म्हणून मी तासभर बोटांची सालटं काढली, त्याच पाण्यात आता आपण होऊन उतरायचं. जॅकेट तरंगवतं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे करून पाठीवर पडून राहायचं, मजा येते, असं त्याचं म्हणणं. सेक्रेटरी उडी मारून गेला. बायको गेली. काका ‘आपलंच पाणी आहे’ म्हणून गेले. काकू जाणार नव्हत्या, पण जाता जाता त्यांनी मला हात लावला.

मजा येते, हे खरं आहे. आकाश वर, कान पाण्यात, कोणाचं काही ऐकू येत नाही. काकांचे ओठ हलत होते आणि मला काही कळत नव्हतं. असं सुख मला सोसायटीत राहायला आल्यापासून मिळालं नव्हतं.

पण वर यायचं असतं. राफ्टचा काठ पाण्यातून बघितला की पहिल्या मजल्याएवढा दिसतो, आणि धरायला कडेच्या दोरीशिवाय काही नाही. वर ओढणाऱ्याने पाण्यातल्या माणसाचे जॅकेटचे खांदे धरायचे, एक-दोन करत त्याला आधी खाली दाबायचं आणि जॅकेटच्या उसळीबरोबर मागे झोकून देत ओढायचं. खाली दाबायचं, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. बायको आधी वर आली होती आणि मला ओढायचं काम गाईडने तिला दिलं. एक. मी बुडलो. दोन. पुन्हा बुडलो. तीन म्हणण्याआधी तिने आणखी एकदा दाबल्याचं मला स्पष्ट आठवतं. मग मी कमरेपर्यंत आलो आणि थांबलो. पोट काठावर अडकलं. डोकं राफ्टमध्ये, पाय नदीत.

“खींचो, खींचो! आगे रॅपिड है!”

काकांनी एक बाजू धरली आणि मला कोणत्या कोनात फिरवावं यावर सेक्रेटरीशी चर्चा सुरू केली. चर्चा चालू असतानाच “गेट डाउन!” आलं आणि सगळे खाली बसले, बरेचसे माझ्यावर. दिवसातली सगळ्यात मोठी लाट मी राफ्टच्या तळाशी तोंड घालून पार केली. ती भोकं मी अगदी जवळून पाहिली. पाणी त्यांतून खरंच जातं. पण आधी येतं.

कामत गावाशी उतरलो. ओले कपडे, एक कपडे बदलायची खोली आणि तिच्यासमोर अख्खी सोसायटी, हे वर्णन टाळतो. जेवण झकास होतं. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि खाणाऱ्यांसाठी कोंबडीचा रस्सा. दोन घास पोटात गेल्यावर ती मुळेच्या पाण्याची चौकशी कुठल्या कुठे गेली.

काठावर एक मुलगा कॅमेरा घेऊन उभा होता, तो व्हिडिओ विकत होता. मी नको म्हटलं. बायकोने घेतला.

बस ताम्हिणी चढत असतानाच तो ग्रुपवर आला. शेवटची लाट. गाईड सोडून आमच्या सहा हेल्मेटांऐवजी पाच, पाच वल्ही, फेसाळ पाणी, आणि राफ्टच्या एका बाजूने आभाळाकडे उगारलेले, सँडल घातलेले दोन पाय. खाली काकांनी लिहिलं होतं, ‘पाय आत ठेवायला गाईडने सुरुवातीलाच सांगितले होते.’

त्यावर भराभर अंगठे आले. पहिला बायकोचा होता.