दार उघडत नसेल, तर ते काढायचे कशाला?

आज सकाळी स्वारगेटला बसची वाट पाहत असताना समोरचा फ्लेक्स वाचला आणि तेव्हापासून डोके ठणकते आहे. 'गेम खेळता? आता गेम बनवा! बारा आठवड्यांत गेम डेव्हलपर, नोकरीची शंभर टक्के हमी.' मजकुराखाली बंदूक रोखलेला एक सैनिक होता, कुठल्या तरी परदेशी गेममधून बहुधा न विचारताच उचललेला. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ, बहुधा मुलासाठी, त्या फ्लेक्सवरचा फोन नंबर खिशातल्या वहीत उतरवून घेत होते.

असा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम मी २०२२ मध्ये केला आहे. त्यासाठी टेस्टिंगची बरी चाललेली नोकरी सोडली आणि दीड लाख रुपये शुल्क भरले, त्यातले निम्मे आईच्या मुदत ठेवीचे. त्यामुळे कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असे कृपया कोणी लिहू नये. त्या बारा आठवड्यांचा मला पश्चात्ताप नाही. त्यांच्या नावाने जे विकले जाते, त्याचा संताप आहे.

पहिले दोन आठवडे आम्ही फक्त उडी शिकलो. माझे पात्र संस्थेच्या संगणकावर टुणकन उडे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर दमेकऱ्यासारखे चाले, कारण मी त्याची चाल फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांच्या, संख्येला बांधली होती. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम साडेसोळा मिलिसेकंद येतात. ते गणित हुकले तरी पात्राचा वेग बदलू नये, म्हणून प्रत्येक हालचाल दोन फ्रेमच्या मधल्या वेळाने गुणायची असते, हे समजायला मला तीन दिवस लागले. कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेम उडी मारू द्यायची असते, हेही तेव्हाच कळले. आपण वेळेवर बटण दाबले, अशी खेळणाऱ्याची खात्री असते, म्हणून त्याच्या बाजूने थोडे खोटे बोलायचे. हे सारे यूट्यूबवर फुकट मिळते, हे मान्य. पण मी घरी बसून शिकले असते, तर तिसऱ्या दिवशीच सोडून दिले असते.

पाचव्या आठवड्यात सरांनी सांगितले, की ज्याने आयुष्यात गेम खेळलेला नाही, अशा माणसाच्या हातात आपला गेम द्या आणि तोंड बंद ठेवा. मी आमच्या डबेवाल्या काकूंना बसवले. त्यांनी हात पदराला पुसले, एका बोटाने कळ दाबली आणि पात्राला थेट वाड्याच्या दारापाशी नेले. ते दार मी दोन रात्री जागून रंगवले होते, पण ती निव्वळ सजावट होती. खरी वाट वरच्या सज्जावरून जात होती. काकू दाराला धडका देत राहिल्या. मी "उडी मारा" म्हणायला तोंड उघडले, तोच सरांनी ओठांवर बोट ठेवले. चार मिनिटांनी काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, दार उघडत नाही, तर काढलंस कशाला?"

त्या रात्री मी ते दार पुसून टाकले. दीड लाखांतले निदान एक लाख त्या वाक्याचे होते, असे मी आजही मानते.

शेवटच्या चार आठवड्यांत मात्र काकूंचा कोणाला आठवही राहिला नाही. प्लेसमेंटसाठी म्हणून बावीसजणांकडून एकाच तयार साच्यातला गोळीबाराचा गेम करून घेण्यात आला. फक्त बंदुकीचा रंग वेगळा. शिकवले तेही एकच इंजिन, म्हणजे गेम बनवायचे सॉफ्टवेअर: युनिटी. ते बनवणाऱ्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे गेम बनवणाऱ्यांना शुल्क जाहीर केले, जगभर ओरड झाली आणि वर्षभराने ते मागे घेतले गेले. त्या काळात आमच्या गटातल्या निम्म्यांना गोडो नावाचे मोफत, मुक्त इंजिन अस्तित्वात आहे, हे प्रथमच कळले. आज तुकडीतले चारजण या क्षेत्रात आहेत. चार म्हणजे काहीच नाही असे नव्हे, हेही मान्य. पण चार म्हणजे शंभर टक्के कोणत्या गणिताने?

'राजी' हा गेम आपल्या पुण्यातल्या चमूने केला. २०१७ मध्ये त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली. गेम बाजारात आला २०२० मध्ये. हे वर्गात कोणी सांगितले असते, तर माझी उमेद खचली नसती, उलट जिवात जीव आला असता. शिवाय आपल्याकडे गेम म्हटले की निम्म्या नातेवाइकांना रमीच आठवते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला, तेव्हा मामांनी काळजीने फोन करून विचारले, "मग आता तुझं काय गं?"

लिहिता लिहिता राग ओसरला आहे, आणि जे टाळत होते ते आता लिहिते. सकाळी त्या गृहस्थांना मी बरेच काही सांगू शकले असते. निदान एवढे तरी, की पैसे भरण्यापूर्वी मागच्या तुकडीतल्या मुलांनी स्वतः केलेले गेम पाहायला मागा आणि मुलाला ते खेळून पाहू द्या. त्यांनी मला चष्मा वर सारत विचारले होते, "मॅडम, शेवटचा आकडा सहा आहे का आठ?"

आठ होता. मी सांगितला, आणि बस आली म्हणून चढले.